स्टिकिंग गेलं की हार्डनेस पडतो, हार्डनेस आणला की डिसोल्यूशन जातं: ल्युब्रिकेशनचं हे चक्र कसं तोडायचं

गोष्ट नेहमी साधारण अशीच घडते. औषधाची टॅबलेट ती दाबणाऱ्या पंचाला चिकटायला लागते (हेच स्टिकिंग), दर थोड्या वेळाने मशीन थांबवून पंच पुसावे लागतात, कोणीतरी म्हणतं ल्युब्रिकंट (घर्षण कमी करणारी पावडर) कमी पडतंय, मग पुढच्या बॅचला मॅग्नेशियम स्टिअरेट हे नेहमीचं ल्युब्रिकंट थोडं वाढवतात नाहीतर शेवटचं ब्लेंडिंग दोन-तीन मिनिटं जास्त देतात. चिकटणं थांबतं, सगळे खूश. मग टॅबलेटचा हार्डनेस, म्हणजे घट्टपणा, येईना म्हणून दाबायचा फोर्स वाढवतात, फोर्स वाढवला की कॅपिंग, म्हणजे वरची टोपी सुटणं, कॅपिंग कमी व्हावं म्हणून मशीनचा स्पीड उतरवतात, कशीबशी बॅच निघते आणि काही दिवसांनी लॅबमधून निरोप येतो की डिसोल्यूशन (औषध किती वेळात विरघळतं ती चाचणी) पहिल्याच पॉइंटला लटकलंय. मग मॅग स्टिअरेट परत कमी. आणि स्टिकिंग परत हजर.

हे चक्र ज्यांच्याकडे चालू आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं मत आधीच सांगून टाकतो: बहुतेक ठिकाणी सगळा वाद टक्क्यांवर चालू असतो, आणि खरा प्रश्न असतो पावडर ल्युब्रिकंटसोबत एकूण किती घुसळली गेली याचा. बॅच रेकॉर्डमध्ये ०.७५ टक्के लिहिलेलं असतं, पण तेच ०.७५ टक्के दोन मिनिटं फिरवलं तर कमी पडू शकतं आणि पंधरा मिनिटं फिरवलं तर टॅबलेटची पार वाट लागू शकते. वजनकाट्यावर दोन्ही बॅच एकसारख्याच दिसतात.

आधी हे नेमकं करतं काय ते बघू, नाहीतर पुढचं सगळं अंदाजपंचे होईल. मॅग स्टिअरेट म्हणजे बारीक, पापुद्र्यासारखे कण, एकमेकांवरून सरकणारे थर. ब्लेंडरमध्ये फिरताना हे थर सुटत जातात आणि बाकीच्या कणांच्या अंगावर त्यांचा पातळ लेप बसत जातो. डायच्या, म्हणजे पावडर ज्या साच्यात दाबतात त्याच्या, भिंतीवर हा लेप असला की टॅबलेट खालून वर ढकलताना घर्षण कमी होतं, म्हणजे इजेक्शन फोर्स उतरतो, आणि त्यासाठीच आपण ते टाकतो. पण तोच लेप कणाकणाच्या मध्ये पण बसतो. टॅबलेट घट्ट होते ती कणांचे पृष्ठभाग एकमेकांना थेट भिडतात म्हणून, मध्ये मेणचट थर आला की ती पकड सैल होते. शिवाय हा थर पाण्याला दूर ठेवतो त्यामुळे टॅबलेटच्या आत पाणी शिरायला वेळ लागतो. म्हणजे फायदा आणि तोटा एकाच लेपाचे आहेत, फायदा तेवढा घेऊन तोटा बाजूला काढायची सोय नाही, फक्त लेप किती चढू द्यायचा एवढं हातात आहे.

आता हा लेप सगळ्यांना सारखा त्रास देत नाही आणि इथेच दोन प्रॉडक्टचे अनुभव जुळत नाहीत. डायकॅल्शियम फॉस्फेटसारखे ठिसूळ पदार्थ दाबाखाली फुटतात, फुटले की नवे, लेप नसलेले पृष्ठभाग उघडे पडतात, म्हणून त्यांना जास्त ब्लेंडिंगने फारसा फरक पडत नाही. मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज, स्टार्च, प्रीजिलॅटिनाइज्ड स्टार्च हे दाबाखाली फुटत नाहीत, चपटे होतात, त्यांच्या अंगावरचा लेप तसाच राहतो आणि हार्डनेस सरळ खाली येतो. लॅक्टोज मध्ये कुठेतरी. त्यामुळे 'आमच्याकडे वीस मिनिटं फिरवतो, काही होत नाही' असं कोणी सांगितलं तर त्याचा फॉर्म्युला काय आहे ते विचारल्याशिवाय ऐकू नका. डायरेक्ट कॉम्प्रेशनवाल्या (पावडर तशीच दाबायची) फॉर्म्युल्यात सेल्युलोज भरपूर असतं आणि कण लहान, तिथे हा त्रास सगळ्यात जास्त. वेट ग्रॅन्युलेशनमध्ये (पावडर ओली करून दाणे बनवायचे) ग्रॅन्यूल दाबाखाली थोडे तुटतात म्हणून जरा सूट मिळते.

पहिलं काम: कमी झालंय की जास्त, ते ठरवा

गोंधळ होतो तो यामुळे की कॅपिंग दोन्हीकडून येतं. ल्युब्रिकंट कमी असेल तर टॅबलेट डायमधून ओढाताण होत बाहेर पडते आणि वरची टोपी सुटते, ल्युब्रिकंट जास्त असेल तर कणांची पकडच सैल असते म्हणून टोपी सुटते. नुसतं कॅपिंग बघून निर्णय घेतला तर निम्म्या वेळा उलटं औषध होणार.

कमी ल्युब्रिकेशनची खूण बघायची असेल तर टॅबलेटचा चेहरा नको, तिची कड बघा. टॅबलेट बोटांत धरून उजेडात हळूहळू फिरवा, कडेवर वरून खाली जाणारे बारीक उभे ओरखडे दिसतात, कधी कड मळकट किंवा चमकदार पट्ट्यांची दिसते. मशीनजवळ उभं राहिलं तर इजेक्शनच्या जागी चरचर ऐकू येते, लोअर पंच जड चालतात. मशीनवर इजेक्शन फोर्स दिसत असेल तर बॅच पुढे सरकते तसा तो चढत जातो. एवढं सगळं दिसत असेल तर ल्युब्रिकंट कमी पडतंय, किंवा आहे पण पसरलेलं नाही.

जास्त ल्युब्रिकेशनची खूण वेगळी. इजेक्शन फोर्स अगदी मस्त, कड गुळगुळीत, आवाज नाही, आणि हार्डनेस मात्र फोर्स वाढवला तरी एका जागी अडकलेला, वाढवत गेलं की वाढायच्या ऐवजी टॅबलेट थर सुटून फुटते. सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे हार्डनेस पण कमी आणि डिसोल्यूशन पण कमी. एरवी मऊ टॅबलेट लवकर विरघळायला हवी. नुसत्या जास्त फोर्समुळे डिसोल्यूशन गेलं असेल तर टॅबलेट कडक असते. मऊ असून सुद्धा पाण्यात उशीर लावते म्हणजे पाणी आतच शिरत नाहीये. डिसोल्यूशनच्या आकड्यात पण हे दिसतं, १० किंवा १५ मिनिटांचा पॉइंट पडलेला आणि ४५ मिनिटांना सगळं ठीक.

हातासरशी करायची एक चाचणी आहे, मान्यताप्राप्त वगैरे काही नाही, फक्त दिशा कळते. काचेच्या बीकरमध्ये पाणी घ्या, चिमूटभर ब्लेंड वरून हलकेच भुरभुरा. नीट झालेला ब्लेंड भिजून थोड्या वेळात खाली बसायला लागतो, जास्त झालेला पृष्ठभागावर सायीसारखा तरंगत राहतो, कडेला पावडर कोरडीच दिसते. एकट्या सॅम्पलवर काही ठरवू नका कारण औषधच पाण्याला नको म्हणणारं असेल तर ते तसंही तरंगेल, चांगल्या बॅचचं सॅम्पल शेजारी ठेवूनच बघा.

स्टिकिंग म्हणजे ल्युब्रिकंट कमी, हे समीकरण आधी डोक्यातून काढा

मॅग स्टिअरेटचं मुख्य काम डायच्या भिंतीवर आहे. पंचाच्या तोंडाला चिकटणं हा पुष्कळदा वेगळाच विषय असतो. म्हणून स्टिकिंग आलं की पहिल्यांदा टरेटच्या (पंच बसवलेली फिरती चकती) एका फेरीतल्या टॅबलेट स्टेशनप्रमाणे (एक पंच-जोडी म्हणजे एक स्टेशन) ओळीने मांडा. एकदोन स्टेशनवरच चिकटत असेल तर ब्लेंडला दोष देऊन उपयोग नाही, तो पंच बाहेर काढा, भिंगाखाली बघा, चरा असेल, पॉलिश गेलं असेल, क्रोम उडालं असेल. अक्षरांच्या पोटातच पावडर अडकत असेल, म्हणजे इंग्रजी ए, बी, आर, 8, 0 यांच्या बंद जागांमध्ये, तर ते पिकिंग, आणि त्याचं उत्तर पंचाच्या डिझाइनमध्ये आहे: अक्षराची खोली, भिंतीचा उतार, फॉन्टचा आकार. तिथे दुप्पट मॅग स्टिअरेट टाकलं तरी ए चं पोट भरायचं ते भरतंच.

सगळ्या स्टेशनवर चिकटत असेल तर दुसरा प्रश्न: सुरुवातीपासून का मशीन तापल्यावर? पहिल्या दहा मिनिटांतच चालू झालं तर एलओडी (वाळवल्यावर घटणारं वजन, म्हणजे ओलावा) बघा, ग्रॅन्यूल ओले राहिले असतील, किंवा पोटात ओले आणि बाहेरून कोरडे, सरासरी एलओडी पास आणि चिकटणं चालूच. रूमचं आरएच, म्हणजे हवेतली आर्द्रता, बघा. आणि फोर्स बघा, हे बरेच जण विसरतात, फोर्स कमी असला की टॅबलेटची आतली पकड पंचाच्या चिकटण्यापेक्षा कमजोर राहते आणि वरचा पापुद्रा पंचावरच राहून जातो. कितीतरी वेळा फोर्स थोडा वाढवला किंवा प्री-कॉम्प्रेशन (मुख्य दाबाआधीचा दाब) नीट लावलं की स्टिकिंग जातं, ब्लेंडला हात पण लावावा लागत नाही.

तास-दोन तासांनी सुरू होत असेल तर तापमान हा पहिला संशयित. मशीन चालून टरेट गरम होतो आणि कमी तापमानाला वितळणारं औषध असेल तर ते मऊ पडून पंचाला धरतं. आयबुप्रोफेन याचं नेहमीचं उदाहरण, ते ७५ ते ७८ अंश सेल्सिअसच्या आसपासच वितळतं, आणि दाबाच्या क्षणी कणांच्या टोकांवर तापमान चांगलंच चढतं. इथे स्पीड, रूमचं तापमान, पंचाचं कोटिंग, कोलॉइडल सिलिका किंवा टाल्क यांचा जास्त उपयोग होतो. मॅग स्टिअरेट वाढवायचा विचार सगळ्यात शेवटी.

टाल्क आणि कोलॉइडल सिलिका ही मंडळी पण ल्युब्रिकंटच्या यादीत ढकलली जातात, पण डायच्या भिंतीवरचं घर्षण कमी करायच्या कामात ती फार कामाची नाहीत. सिलिका पावडर वाहती ठेवते, टाल्क चिकटू देत नाही आणि थोडं वाहायला मदत करतं. एकाचं काम दुसऱ्याने होत नाही. चरचर आवाज येत असताना सिलिका वाढवली तर काही होणार नाही, उलट सिलिका मॅग स्टिअरेट स्वतःकडे ओढून घेते त्यामुळे इजेक्शन अजून जड होऊ शकतं. याच गुणाचा फायदा पण घेता येतो, जिथे हार्डनेस पडतोय तिथे आधी सिलिका नीट मिसळून मग मॅग स्टिअरेट टाकलं तर लेपाचा त्रास थोडा कमी होतो.

घुसळणीचा हिशोब

समजा लॅबमध्ये ५ लिटरच्या ब्लेंडरमध्ये ल्युब्रिकेशनला १०० फेरे दिले आणि टॅबलेट उत्तम आली. प्लांटमध्ये ५०० लिटरचा बिन ब्लेंडर आहे, तिथे पण १०० फेरेच द्यायचे ठरले कारण 'फेरे सारखे ठेवले'. पण मोठ्या ब्लेंडरमध्ये पावडर जास्त उंचीवरून पडते, जास्त वजनाखाली घासली जाते, एक फेरा तिथे लहान ब्लेंडरच्या कितीतरी फेऱ्यांइतका भारी असतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेलं एक स्केल-अप मॉडेल आहे, त्यात ल्युब्रिकेशनचं माप म्हणजे ब्लेंडरच्या आकारमानाचं घनमूळ गुणिले रिकाम्या जागेचं प्रमाण गुणिले फेरे. आकारमान १०० पट झालं की घनमूळ ४.६४ पट. म्हणजे भरण्याचं प्रमाण तेच ठेवलं तर प्लांटमधले १०० फेरे म्हणजे लॅबमधले ४६४ फेरे झाले. लॅबइतकंच ल्युब्रिकेशन हवं तर प्लांटमध्ये साधारण २२ फेरे, १० आरपीएमला दोन मिनिटांच्या थोडं वर.

आता २२ फेऱ्यांत एवढ्या ढिगाऱ्यात मॅग स्टिअरेट सगळीकडे पोचेल का, ही शंका बरोबर आहे आणि बऱ्याचदा नाही पोचत. म्हणून मला उलटं करणं पटतं, प्लांटमध्ये किमान किती फेरे द्यावेच लागणार ते आधी धरा आणि लॅबमध्ये तेवढ्या मोठ्या हिशोबाने घुसळून फॉर्म्युला टिकतो का ते डेव्हलपमेंटमध्येच बघून घ्या. लॅबमध्ये ४००-५०० फेऱ्यांना हार्डनेस कोसळत असेल तर तो फॉर्म्युला प्लांटमध्ये जाऊन रडणारच आहे.

सूत्रातली रिकामी जागा पण गांभीर्याने घ्या. त्याच ब्लेंडरमध्ये कधी ७० टक्के भरून बॅच घेतली आणि कधी मागणी कमी म्हणून ४० टक्के भरली, वेळ तोच ठेवला, तर रिकामी जागा ३० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेली, म्हणजे घुसळण दुप्पट. 'लहान बॅचला नेहमी हार्डनेस कमी येतो' अशी तक्रार ज्यांच्याकडे आहे त्यांनी आधी हे तपासा.

आणि ब्लेंडरमधून बाहेर पडलं म्हणजे घुसळण संपली असं नाही. मशीनमध्ये पावडर डायपर्यंत ढकलणाऱ्या फोर्स्ड फीडरची पॅडल पावडरला ढवळतच असतात आणि हा हिशोब कोणीच धरत नाही. या फीडरमध्ये समजा १ किलो पावडर राहते, टॅबलेट २०० मिलिग्रॅमची, मशीन तासाला १,००,००० टॅबलेट काढतंय, म्हणजे तासाला २० किलो, म्हणजे पावडर फीडरमध्ये सरासरी ३ मिनिटं थांबते. पॅडल ३० आरपीएमला असतील तर ९० फेरे. आता कॅपिंग आलं म्हणून मशीन तासाला ३०,००० वर आणलं आणि पॅडलचा स्पीड तसाच ठेवला, तर पावडर १० मिनिटं थांबणार, ३०० फेरे खाणार. म्हणजे जास्त ल्युब्रिकेशनमुळे आलेल्या कॅपिंगवर उपाय म्हणून स्पीड उतरवला आणि ल्युब्रिकेशन अजून वाढवून ठेवलं. त्यात पंच पुसायला मशीन थांबवलं आणि पॅडल फिरतच राहिले तर विचारूच नका, परत चालू केल्यावरच्या पहिल्या टॅबलेट वेगळ्या काढून त्यांचा हार्डनेस घेऊन बघा.

म्हणून मशीनचा स्पीड बदलला की पॅडलचा स्पीड पण त्या प्रमाणात बदला, वजन सांभाळलं जातंय तोपर्यंत पॅडल जितके हळू चालतील तितकं बरं. बॅचच्या सुरुवातीला हार्डनेस छान आणि अर्ध्या-पाऊण तासात हळूहळू उतरत जातो, जाडी आणि वजन तेच, असं दिसलं तर पहिला संशय फीडरवर. कधी सोबत वजन पण थोडं चढतं कारण लेप बसलेली पावडर दाटून बसते आणि त्याच खोलीच्या डायमध्ये जास्त मावते.

मग करायचं काय, माझा क्रम

एकच चांगला प्रयोग करा आणि तो कागदावर ठेवा. ल्युब्रिकंट सोडून बाकी ब्लेंड एकच बनवा, त्याचे चार भाग करा, मॅग स्टिअरेट टाकून २, ५, १० आणि २० मिनिटं फिरवा. प्रत्येक भागाच्या तीन वेगवेगळ्या फोर्सवर टॅबलेट काढा, वजन तेच ठेवून. हार्डनेस, इजेक्शन फोर्स, डीटी (टॅबलेट पाण्यात फुटायला लागणारा वेळ) आणि सुरुवातीच्या पॉइंटचं डिसोल्यूशन एवढंच मोजा. इजेक्शन फोर्स कुठे उतरून सपाट होतो आणि हार्डनेस कुठून घसरायला लागतो या दोन जागांच्या मधली जी पट्टी आहे ती तुमची. ती रुंद असेल तर निवांत, प्लांटमध्ये थोडं इकडेतिकडे झालं तरी चालेल. ती पट्टीच नसेल, म्हणजे इजेक्शन उतरायच्या आधीच हार्डनेस पडतोय, तर वेळ आणि टक्के बदलत बसण्यात अर्थ नाही, फॉर्म्युलाच बदलायला लागेल. एका आकड्यात सांगायचं तर कमी घुसळलेल्याचा हार्डनेस वजा जास्त घुसळलेल्याचा हार्डनेस, भागिले कमी घुसळलेल्याचा. १२० न्यूटनवरून ७८ वर आला तर ०.३५. शून्याजवळ असेल तर झोप शांत लागेल.

प्रोसेसमधल्या बारीकसारीक गोष्टी त्याआधी साफ करून घ्या. मॅग स्टिअरेट हलकं, चिकट, गुठळ्या होणारं, त्याला ४० किंवा ६० मेशमधून ऐनवेळी चाळूनच टाकायचं, आदल्या शिफ्टला चाळून पिशवीत बांधून ठेवलेलं परत गुठळी होतं. थोड्या ब्लेंडसोबत पिशवीत हलवून मग टाकलं तर ब्लेंडरच्या भिंतीला कमी चिकटतं. डिसइंटिग्रंट (पाण्यात टॅबलेट फोडणारा घटक) आणि सिलिका आधी, त्यांना त्यांचा पूर्ण वेळ, मॅग स्टिअरेट सगळ्यात शेवटी. आणि ब्लेंडरचा टाइमर संपल्यावर 'अजून एक मिनिट देऊ' हा मोह टाळायचा, पाच मिनिटांच्या प्रोसेसमध्ये एक मिनिट म्हणजे २० टक्के. ल्युब्रिकेट केलेला ब्लेंड मिलमधून परत काढणं तर अजिबात नाही.

तरीही एखाद्या बॅचपासून अचानक बिघडलं आणि प्रोसेसमध्ये काहीच बदललेलं नाही, तर मॅग स्टिअरेटचा लॉट नंबर बघा. ही गोष्ट शेवटी सुचते आणि आधी सुचायला हवी. मॅग स्टिअरेट हे शुद्ध एक रसायन नाही, स्टिअरिक आणि पामिटिक ॲसिडच्या क्षारांचं मिश्रण आहे. यूएसपीमध्ये (अमेरिकेचं औषधांच्या मानकांचं पुस्तक) फॅटी ॲसिडच्या भागात स्टिअरिक किमान ४० टक्के आणि दोन्ही मिळून किमान ९० टक्के एवढी अट आहे, म्हणजे मधल्या जागेत सप्लायरला भरपूर मोकळीक आहे. ड्राइंग लॉसला (एलओडी) ६ टक्क्यांपर्यंत मुभा, आणि पाणी कोणत्या रूपात बसलंय, निर्जल, मोनोहायड्रेट, डायहायड्रेट, ट्रायहायड्रेट, त्यावर थर किती सहज सरकतात ते बदलतं. पृष्ठभागाचं क्षेत्रफळ तर ग्रॅमला २ चौरस मीटरच्या खालून १४ च्या वरपर्यंत कुठेही असू शकतं. जास्त क्षेत्रफळाचा लॉट म्हणजे तेवढ्याच वजनात जास्त लेप. दोन्ही लॉट टेस्टिंगमध्ये पास, दोन्हींची वागणूक वेगळी. सीओएवर (सप्लायरच्या तपासणी प्रमाणपत्रावर) क्षेत्रफळ आणि पार्टिकल साइज मागून घ्या, स्वतःची आतली लिमिट ठरवा, आणि पर्चेसवाल्यांनी स्वस्त पडतो म्हणून सप्लायर बदलला तर ते तुम्हाला आधी कळेल याची व्यवस्था करा.

पट्टीच सापडत नसेल तर पर्याय आहेत. सोडियम स्टिअरिल फ्युमरेट, ०.५ ते २ टक्के, महाग आहे पण घुसळणीला कमी संवेदनशील आणि पाण्याला एवढा विरोध करत नाही, जिथे हार्डनेस आणि डिसोल्यूशन दोन्ही जातंय तिथे मी पहिल्यांदा हेच बघतो. स्टिअरिक ॲसिड १ ते ३ टक्के लागतं, ताकद कमी, आणि ग्रेडनुसार साधारण ५५ ते ७० अंशांत वितळतं म्हणून गरम मशीनवर स्वतःच चिकटू शकतं. पण ॲस्पिरिनसारख्या औषधाला मॅग स्टिअरेट चालत नाही, त्यातला अल्कलीपणा ॲस्पिरिन तोडतो, तिथे स्टिअरिक ॲसिड उपयोगी पडतं. एफर्व्हेसंट (पाण्यात फसफसणाऱ्या) टॅबलेटमध्ये मॅग स्टिअरेटचा पाण्यावर तवंग येतो, ग्लास गढूळ दिसतो, म्हणून तिथे सोडियम बेंझोएट, पीईजी ६०००, ल्युसिन असे पाण्यात विरघळणारे घेतात, त्यांची ताकद कमी असते हे धरूनच. रोलर कॉम्पॅक्शन (पावडर रोलमध्ये दाबून मग दळायची) असेल तर अर्धं ल्युब्रिकंट आत आणि अर्धं बाहेर अशी विभागणी करतात कारण रोललाच चिकटायला लागतं, फक्त आतलं अर्धं मिलिंगमध्ये पुन्हा घासलं जाऊन पसरतं हे लक्षात ठेवा, बाहेरच्या अर्ध्याची वेळ त्यानुसार कमी. ब्लेंडमध्ये ल्युब्रिकंट न टाकता थेट पंच आणि डायवर फवारायची सोय पण असते, त्याने कणांमधल्या लेपाचा प्रश्नच मिटतो, पण त्यासाठी मशीनला वेगळी यंत्रणा लागते आणि ती सांभाळणं सोपं नाही.

कोटिंगवाल्यांसाठी एक ओळ: फिल्म सुटतेय, लोगोवर पडदा ताणला जातोय अशी तक्रार आली तर कोटिंग सोल्यूशन बदलायच्या आधी कोअरचं, म्हणजे आतल्या टॅबलेटचं, ल्युब्रिकेशन विचारा, मेणचट पृष्ठभागावर फिल्म नीट धरत नाही.

आणि कागदपत्रांचं. चालू बॅचमध्ये चिकटतंय म्हणून फ्लोअरवरच मूठभर मॅग स्टिअरेट हॉपरमध्ये भुरभुरायचं, हे कुठेही बघितलं तर थांबवा, त्या टॅबलेटमध्ये काय गेलं ते कोणालाच सांगता येणार नाही. मंजूर झालेल्या प्रॉडक्टमध्ये टक्के बदलायचे तर त्याची मोजमापं ठरलेली आहेत. अमेरिकेच्या एफडीएच्या १९९५ च्या सुपॅक-आयआर (मंजुरीनंतरच्या बदलांसाठीच्या) गाइडन्सप्रमाणे मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम स्टिअरेटमध्ये टॅबलेटच्या एकूण वजनाच्या ०.२५ टक्क्यांपर्यंतचा फरक लेव्हल १ (सगळ्यात किरकोळ बदल) मध्ये येतो, ०.५ टक्क्यांपर्यंतचा लेव्हल २ मध्ये, आणि बाकीच्या ल्युब्रिकंटना हीच मर्यादा १ आणि २ टक्के आहे. स्टिअरेटची मर्यादा इतकी आवळलेली आहे ती उगाच नाही. ब्लेंडिंगचा वेळ मंजूर रेंजमध्येच हलवायचा असेल तर ते तुलनेने सोपं जातं, म्हणून व्हॅलिडेशनच्या वेळीच वेळेऐवजी फेरे लिहा, भरण्याच्या टक्केवारीची रेंज लिहा आणि पॅडलचा आरपीएम पण बॅच रेकॉर्डमध्ये घ्या. पुढच्या वेळी स्टिकिंग आलं की निदान बघायला आकडे तरी असतील.